घरी बांधलेल्या विमानात इन्स्ट्रुमेंट उड्डाणाची साधनं: कमी खर्चात, पण योग्य क्रमाने

विमान बांधून झालं, परवाना हातात आला, हिवाळ्याच्या स्वच्छ हवेत चार फेऱ्या मारून झाल्या, की पुढचा विचार डोक्यात येतोच. पॅनेलमध्ये एखादा बरा जीपीएस बसवावा, दिशा सांगणारा व्हीओआर बसवावा, जमलं तर उतरताना वाट दाखवणारा आयएलएसही. मग रात्री जागून परदेशातल्या जुन्या यंत्रांच्या जाहिराती बघणं सुरू होतं, आणि क्रम तिथेच बिघडतो. या कामात पडदा, म्हणजे माहिती दाखवणारा स्क्रीन, सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा असतो. आधी वीज, मग हवेच्या नळ्या, मग अँटेना, आणि उरलेल्या पैशात यंत्र. भारी यंत्र सैल पिनेवर बसवलं तर ऐन वेळी बंद पडतं; साधं, जुनं यंत्र नीट वायरिंगवर वर्षानुवर्षं चालतं.

बेळगावकडच्या माणसाला यातलं अर्धं काम नवीन नाही. उद्यमबागेत लेथ, मिलिंग, पत्राकाम सगळं हाताशी आहे. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये तर एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे भाग बनतात. पॅनेलचा पत्रा कापणं, ब्रॅकेट वाकवणं, अँटेनाखाली आधाराचा जादा पत्रा, म्हणजे डब्लर प्लेट, रिव्हेट करणं यात आपली माणसं मागे नाहीत. नवखा अडतो तो वीज, रेडिओ आणि कागद या तिघांत. म्हणून इथे त्या तिघांबद्दलच जास्त लिहितो.

परवान्यात काय लिहिलंय?

होमबिल्टच्या परवान्यासोबत विमान चालवण्याच्या अटी येतात. त्यात ‘फक्त दिवसा, व्हीएफआर’ असं असेल, तर पॅनेलमध्ये काहीही बसवा, विमान व्हीएफआरच राहतं. व्हीएफआर म्हणजे बाहेर बघून उडणं. आयएफआर म्हणजे यंत्रांवर विसंबून, एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, दिलेल्या मार्गाने उडणं. अट बदलून हवी असेल तर डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाकडे, बदलाचा प्रस्ताव, वायरिंगची ड्रॉइंग, विजेचा हिशेब, चाचणीचे निकाल हे सगळं द्यावं लागतं. ही बोलणी पॅनेलला भोक पाडण्याआधी करायची. आपल्याकडे यात घाई चालत नाही. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६ साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ साली मिळाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ साली.

आणखी एक गैरसमज. अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल विमानात बरीच साधनं टीएसओ नसलेली, म्हणजे प्रमाणित नसलेली चालतात. तिथले व्हिडिओ बघून आपण तेच मागवतो. पण ती सवलत इथे आपोआप लागू होत नाही. यंत्राचं नाव आणि पार्ट नंबर आधी लेखी विचारून घ्या, पैसे नंतर पाठवा. रेडिओ लहरी सोडणारी साधनं, म्हणजे व्हीएचएफ रेडिओ, ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख आणि उंची एटीसीला कळवणारा), ईएलटी (अपघातानंतर मदतीचा संकेत सोडणारा), यांना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा विमानातल्या रेडिओ केंद्राचा परवाना लागतो, हेही वहीत लिहून ठेवा.

वैमानिकाचा कागद वेगळा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट अनुभव लागतो, त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर चालतात. सांब्र्यावर, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आता उड्डाण प्रशिक्षण चालतं, त्यामुळे सल्ला विचारायला प्रशिक्षक शोधत फार लांब जावं लागत नाही.

परवाना व्हीएफआरचाच राहणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या भागापुरतं उत्तर सोपं आहे. सांब्र्याला ऊन असतं आणि जांबोटी-कणकुंबीच्या पुढे ढग डोंगराला टेकलेले असतात. कंट्रोल झोनमधल्या, म्हणजे एटीसीच्या नियंत्रणाखालच्या, विमानतळावर व्हीएफआर उड्डाणाला किमान ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १५०० फुटांचं सिलिंग, म्हणजे ढगांच्या तळाची उंची, लागते. पावसाळ्यात हे दोन्ही बघता बघता जातं. अशा वेळी क्षितिज दाखवणारं भरवशाचं यंत्र आणि नेमकी दिशा दाखवणारी सुई असेल, तर माणूस शांतपणे उलटा वळून घरी येतो. एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च मला पटतो. मात्र एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगाला यातलं कुठलंच साधन पुरत नाही. तो ढग दिसला की लांबूनच वळायचं.

कुठे जाणार, त्यावर यंत्र ठरतं

खरेदीआधी एक दिवस विमानतळ प्राधिकरणाची ई-एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका, वाचण्यात घालवा. ती फुकट मिळते. सांब्रा, हुबळी, कोल्हापूर, दाबोळी, मोपा या पाच विमानतळांची पानं काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: व्हीओआर आहे का, आयएलएस आहे का, कुठल्या धावपट्टीला, उपग्रहावर चालणारी अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याची ठरलेली वाट, छापलेली आहे का. सांब्रा हवाई दलाचंही ठाणं आहे, तेव्हा तिथले वेळांचे आणि परवानगीचे नियमही त्याच पानांवर बघा. तुमच्या विमानाला जिथे जायचं आहे तिथे जे छापलेलं नाही, ते वापरणारं यंत्र घेऊन उपयोग नाही.

साधनं ढोबळमानाने तीन. व्हीओआर हे जमिनीवरचं केंद्र. त्याच्यापासून आपण कुठल्या दिशेच्या रेषेवर आहोत ते सुई सांगते. आयएलएस धावपट्टीच्या मध्यरेषेची आणि उतरण्याच्या उताराची अशी दोन किरणं देतं. तिसरं उपग्रहाचं. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ‘गगन’ उभारलं आहे. जमिनीवरची १५ संदर्भ केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि ती दुरुस्ती जीसॅट मालिकेतल्या उपग्रहांवरून विमानाला पोचते. गगनला २०१३च्या अखेरीस मार्गातल्या वापरासाठी आणि २०१५च्या एप्रिलमध्ये उंचीच्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी मान्यता मिळाली. २०२२च्या एप्रिलमध्ये राजस्थानातल्या किशनगडला एका एटीआर विमानाने गगनवर एलपीव्ही अप्रोच करून दाखवला. एलपीव्ही म्हणजे आयएलएससारखंच उताराचं मार्गदर्शन, पण त्या विमानतळावर काहीही न लावता.

अमेरिकेतला स्वस्तातला आयएफआरचा सल्ला इथेच आपल्याला फसवतो. तिकडे लहान लहान धावपट्ट्यांनाही एलपीव्ही आहे, म्हणून ‘एकच जीपीएस घ्या, बाकी सोडा’ हा हिशेब तिथे जमतो. आपल्याकडे व्हीओआर-आयएलएस अजून कामाचे आहेत. शिवाय जीपीएसमध्ये व्यत्यय येतो. अमृतसर आणि जम्मूकडच्या अशा घटना सरकारने संसदेतही सांगितल्या आहेत. म्हणून जमिनीवरचं केंद्र ऐकणारा एक तरी रिसीव्हर विमानात असावा, असं माझं ठाम मत आहे.

‘नाविक आपला असताना गगन कशाला?’ हा प्रश्न कट्ट्यावर हमखास निघतो. नाविक हे भारताचं स्वतःच्या उपग्रहांवरचं स्वतंत्र स्थाननिर्देशन आहे. गगन जीपीएसची दुरुस्ती करतं आणि मुख्य म्हणजे सिग्नल बिघडला तर वैमानिकाला काही सेकंदांत कळवतं. आयएफआरमध्ये किंमत त्या इशाऱ्याची आहे. मोबाइलमध्ये नाविक आहे, म्हणून मोबाइलवर ढगातून उतरता येत नाही.

विजेचा हिशेब

आता खरं काम. एक कागद घ्या, डावीकडे प्रत्येक साधन, उजवीकडे ते किती अँपिअर खातं. आपल्याकडच्या हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ हे इंजिन नेहमी दिसतं. त्याचा आतला जनरेटर साधारण २५० वॉटचा, म्हणजे १३.८ व्होल्टला १८ अँपिअरच्या आसपास, तोही पूर्ण फेऱ्यांवर. टॅक्सी करताना तो बराच कमी देतो.

खर्चाची बाजू ढोबळपणे अशी येते: मुख्य पडदा २.५, सुटं दुसरं क्षितिज ०.३, जीपीएस-नेव्ह-कॉम (जीपीएस, दिशेचा रिसीव्हर आणि बोलण्याचा रेडिओ एकत्र) ऐकण्याच्या अवस्थेत ३, ट्रान्सपाँडर १, इंटरकॉम ०.५, एलईडी दिवे आणि स्ट्रोब २.५, जादा इंधन पंप २. बेरीज ११.८. त्यात तापणारी पिटो नळी (वेग मोजायला समोरची हवा घेणारी) धरली तर तिचे आणखी ८. बेरीज गेली १९.८ वर, आणि जनरेटर तर १८चा. रेडिओवर बोलण्याचं बटण दाबलं की क्षणभर आणखी तीन-चार अँपिअर. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कागदावर तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमधलेच आकडे हवेत. सतत चालणारा भार जनरेटरच्या ऐंशी टक्क्यांत बसवावा. १८चे ऐंशी टक्के म्हणजे १४.४. आकडा जास्त येत असेल तर दोनच वाटा आहेत: रोटॅक्सला बाहेरून लावायचा जादा अल्टरनेटर, किंवा यादीतून काहीतरी खोडणं.

पिटोच्या तापण्याबद्दल थोडं थांबून विचार करा. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण १६ हजार फुटांच्या पुढे असते. आठ-नऊ हजार फुटांवर उडणाऱ्या विमानाच्या नळीत बर्फ धरण्यापेक्षा पाणी आणि माती शिरण्याची शक्यता जास्त. परवान्याच्या अटीत तापणारी पिटो मागितली असेल तर प्रश्नच नाही, ती बसवायची. पण तुमच्या हातात असेल तर त्या आठ अँपिअरचा खर्च सगळ्यात शेवटी करा.

पुढचा प्रश्न: जनरेटर बंद पडला तर? ‘अत्यावश्यक बस’ म्हणजे वीज वाटणारी एक वेगळी पट्टी काढा, जिच्यावर फक्त एक क्षितिज, एक नेव्हिगेशन, एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर असेल. तिला बॅटरीकडून सरळ, वेगळ्या स्विचमधून वाट द्या आणि मुख्य बसकडून डायोडमधून, म्हणजे वीज उलटी जाणार नाही. या पट्टीवर सहा अँपिअरचा भार आणि २० अँपिअर-तासाची बॅटरी असेल, तर कागदावर तीन तासांहून जास्त निघतात. कागदावर विश्वास ठेवू नका. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी निम्म्यावर आलेली असते. सहा अँपिअरचे दिवे लावून, घड्याळ समोर ठेवून ती ११ व्होल्टवर येईपर्यंत किती वेळ जातो ते दरवर्षी बघा आणि तो आकडा पॅनेलवर चिकटवा. लिथियम बॅटरी वजनाला हलकी पडते, पण व्होल्टेज चढल्यावर जनरेटर तोडणारं संरक्षण असल्याशिवाय ती लावू नका.

पिटो आणि स्टॅटिकच्या नळ्या

वेग, उंची, चढण्याचा दर ही तिन्ही यंत्रं हवेच्या दाबावर चालतात: पिटो समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते, स्टॅटिक आजूबाजूच्या स्थिर हवेचा. व्हीएफआरमध्ये थोडी गळती खपून जाते; ढगात शंभर फुटांची चूक परवडत नाही. नायलॉनची पाव इंची नळी आणि दाबून बसणारे जोड स्वस्त आहेत आणि चांगले चालतात. नळी कुठेही खोलगट झोळ न पडता चढत न्या, आणि सगळ्यात खालच्या बिंदूवर पाणी काढायची सोय ठेवा. कॉकपिटमधून चालू करता येणारा पर्यायी स्टॅटिक नळ जरूर ठेवा. तो उघडल्यावर आकडे किती बदलतात ते चांगल्या हवेत उडून लिहून ठेवा.

आमच्या भागात पिटोचा खरा शत्रू कुंभारीण माशी. शेडमध्ये विमान आठवडाभर उभं राहिलं की नळीच्या तोंडात तिचं मातीचं घर तयार. लाल फडकं लावलेलं कव्हर शिवून घ्या आणि उभं विमान कव्हरशिवाय सोडू नका.

गळतीची चाचणी नवख्यालाही करता येते. स्टॅटिकच्या भोकाला नळी लावून हलकेच हवा खेचा, अल्टिमीटर, म्हणजे उंचीचं यंत्र, हजार फूट वर जाईपर्यंत, आणि तोंड बंद करा. एका मिनिटात शंभर फुटांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. हवा खेचताना आणि सोडताना घाई केलीत तर चढ-उताराच्या यंत्राचं पोट फाटेल, तेव्हा अगदी हळू. ही झाली घरची चाचणी. अल्टिमीटर आणि ट्रान्सपाँडरच्या उंचीची अधिकृत चाचणी मान्यताप्राप्त संस्थेतच होते. अमेरिकेचा नियम दर २४ महिन्यांचा आहे. तुमच्या परवान्यात मुदत दिलेली असेल तर तीच पाळायची.

जुना अमेरिकन अल्टिमीटर स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. त्याच्या खिडकीत बहुधा फक्त पाऱ्याचे इंच असतात, आणि आपलं एटीसी दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतं. १०१३ म्हणजे २९.९२ हे पाठ असतं, पण १००६ म्हणजे किती, हा हिशेब उतरण्याच्या घाईत करायचा नसतो. सांब्र्यावर उभं राहून क्यूएनएच, म्हणजे एटीसीने सांगितलेला समुद्रसपाटीचा दाब, लावल्यावर अल्टिमीटरने धावपट्टीची छापील उंची दाखवायला हवी; ती साधारण २५०० फूट आहे. फरक ७५ फुटांच्या वर गेला तर ते यंत्र घेऊन ढगात जायचं नाही.

दोन क्षितिजं, दोन वेगळ्या वाटांची

क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रात पूर्वी हवेच्या पंपावर फिरणारे जायरो, म्हणजे गरगरणारी चाकं, असत. आज छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं त्यापेक्षा स्वस्त, हलकी आणि कमी कटकटीची आहेत. गार्मिनचं जी५ किंवा यूएव्हियॉनिक्सचं एव्ही-३० ही होमबिल्टसाठी वेगळ्या, स्वस्त आवृत्तीत मिळतात. मुख्य पडदा एका कंपनीचा आणि जोडीचं क्षितिज दुसऱ्या कंपनीचं घ्यावं, असं मी सुचवेन: एकाच सॉफ्टवेअरमधली चूक दोघांना एकदम झोपवणार नाही. दुसऱ्याला स्वतःची बॅटरी हवीच. आणि एक बघा: काही इलेक्ट्रॉनिक क्षितिजांना पिटोचा वेग मिळाला नाही तर ती चुकायला लागतात. दोन्ही क्षितिजं एकाच पिटोवर विसंबून असतील तर कुंभारीण दोघांनाही एकदम आंधळं करू शकते. जीपीएसचा वेग घेऊन काम चालवणारं यंत्र निवडा.

यंत्राची खरेदी

वाटा तीन आहेत. पहिली, सगळ्यात स्वस्त: जुना नेव्ह-कॉम आणि सोबत त्याची सुई, म्हणजे व्हीओआर-आयएलएस, जीपीएस नाही. बेंडिक्स-किंगचा केएक्स १५५ हा यातला जुना खेळाडू. घेताना दोन गोष्टी तपासा. तो १४ आणि २८ व्होल्ट अशा दोन प्रकारांत आला. तुमचं विमान १४चं असणार, तेव्हा पार्ट नंबर जुळवून बघा. दुसरं, सोबतची सुई केआय २०९ असेल तर उतार दिसतो. केआय २०८ असेल तर फक्त डावं-उजवं. विकणारा दोन्हींना ‘आयएलएसची सुई’ म्हणून मोकळा होतो.

दुसरी वाट, गार्मिनचा जीएनएस ४३०डब्ल्यू. रेडिओ, व्हीओआर, आयएलएस आणि उपग्रह सगळं एकाच डब्यात. त्याचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, म्हणून स्वस्त मिळतो आणि म्हणूनच जपून घ्यायचा. शेवटचं ‘डब्ल्यू’ अक्षर महत्त्वाचं. नुसत्या ४३०ला उपग्रहाची दुरुस्ती घेता येत नाही. ट्रे, मागचे कनेक्टर आणि अँटेना सोबत मिळतायत का, आणि त्या मॉडेलचा पडदा अजून दुरुस्त होतो का, हे व्यवहाराआधी विचारा. फायदा असा की अॅव्हिडाइनचा आयएफडी ४४० याच ट्रेमध्ये सरकतो, म्हणजे उद्या बदलायची वेळ आली तर वायरिंग वाया जात नाही.

तिसरी, नवा पण छोटा जीपीएस, गार्मिनच्या जीपीएस १७५सारखा, आणि सोबत वेगळा व्हीओआर-आयएलएस रिसीव्हर. मला विचाराल तर आपल्या भागात नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच वाट धरावी. डबे दोन होतात, वायरी वाढतात, पण एक गेला तर दुसरा उरतो, आणि दोन हप्त्यांत खरेदी करता येते.

यातलं काहीही घेतलं तरी तीन गोष्टी तपासा. सेटिंगमध्ये गगन चालू करता येतं का. कित्येक यंत्रं ‘वास’ (WAAS) ही अमेरिकेची गगनसारखी यंत्रणा तेवढीच चालू ठेवून येतात. तुमचा मुख्य पडदा एरिंक ४२९ ही विमानातल्या यंत्रांची आपसातली भाषा समजतो का. डायनॉनच्या स्कायव्ह्यू पडद्याला त्यासाठी वेगळा मॉड्यूल लागतो. आणि जीपीएसमधला आपल्या भागाच्या मार्गांचा आणि अप्रोचचा डेटाबेस दरसाल कितीला पडतो. तो दर २८ दिवसांनी बदलतो आणि शिळ्या डेटावर अप्रोच करायचा नसतो. हा खर्च कायमचा पाठीमागे लागतो, हे घरी आधी सांगून ठेवा.

मुख्य पडद्यातल्या जीपीएसवर नकाशा सुंदर दिसतो. तो नकाशा बघण्यापुरताच. अप्रोचसाठी लागणारी खात्री, सिग्नल बिघडल्याचा इशारा, हे त्या स्वस्त चिपमध्ये नसतं.

अँटेना

नवखे इथे सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात, आणि खरं तर थोड्या गणिताने सुटणारं हे काम आहे. बोलण्याच्या रेडिओची अँटेना उभी असते, व्हीओआरची आडवी, कारण तिथल्या लहरीच तशा सोडलेल्या असतात. तरंगाची लांबी काढायला ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. १२७ मेगाहर्ट्झला २.३६ मीटर, त्याचा पाव म्हणजे ५९ सेंटिमीटर. बोलण्याच्या अँटेनाची उंची तेवढी, आणि तिच्याखाली चारी बाजूंना जवळपास तेवढाच धातूचा पत्रा हवा. फायबरग्लासच्या विमानात आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवून हे साधतं. कार्बन फायबरच्या आत मात्र कुठलीच अँटेना लपवू नका. कार्बन लहरी अडवतो.

व्हीओआरसाठी ११३ मेगाहर्ट्झ धरलं तर दोन पायांच्या अँटेनाचा प्रत्येक पाय, पाव तरंगापेक्षा थोडा आखूड, ६३-६४ सेंटिमीटरचा येतो. शेपटीच्या उभ्या पंख्यावर व्ही आकारात दोन दांड्या लावतात, ती हीच. आयएलएसचं डावं-उजवं ११० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि उतार ३३० च्या आसपास. बरोबर तिप्पट असल्यामुळे तीच अँटेना दोन्हीकडे चालते. मध्ये एक स्प्लिटर लावला की झालं, दुसऱ्या अँटेनाचा खर्च वाचतो.

जीपीएसची अँटेना वर, मोकळ्या आकाशाखाली, बोलण्याच्या अँटेनापासून शक्य तितकी लांब. याचं कारण माहीत असावं. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतो. तुम्ही १२१.१५० वर बोललात की त्या लहरीची तेरावी पट १५७४.९५ येते, अगदी शेजारी. १३१.२७५ ची बारावी पट १५७५.३. म्हणून बसवल्यावर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या वाहिन्यांवर, आधी टॉवरला कळवून, थोडा वेळ प्रसारणाचं बटण दाबून धरा आणि जीपीएसचे उपग्रह गळतात का बघा. गळले तर अँटेना हलवा किंवा रेडिओच्या केबलवर फिल्टर लावा.

केबल आरजी-४०० घ्या. आरजी-५८ बाजारात स्वस्त मिळते, पण तिचं आवरण उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने खराब होतं आणि गळतीही जास्त. इथे वाचवलेले पैसे नंतर खरखर होऊन परत भेटतात.

वायरी जोडणं

टेफ्झेल आवरणाची विमानाची वायर वापरा. पीव्हीसीची घरगुती वायर जळली तर कॉकपिट विषारी धुराने भरतं. सगळ्या रेडिओ-यंत्रांची अर्थ वायर एकाच ठिकाणी, इंजिनाच्या भिंतीवरच्या एका पट्टीवर आणा. ठिकठिकाणी पत्र्याला अर्थ टेकवला की हेडफोनमध्ये जनरेटरची शीळ ऐकू येते आणि मग ती शोधत महिना जातो. यंत्रांमागच्या डी-सब कनेक्टरच्या पिना क्रिंप करायच्या, म्हणजे दाबून बसवायच्या, सोल्डर नाही; त्यासाठीचं चार खाचांचं हत्यार एकदाच विकत घ्या. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक ड्रॉइंगवर. विमान तपासायला येणारा माणूस पहिल्यांदा हे ड्रॉइंग मागतो.

ट्रान्सपाँडर आणि ईएलटी

इथे एकच सापळा आहे. अमेरिकेत ९७८ मेगाहर्ट्झवर चालणारी स्वस्त एडीएस-बी यंत्रं, म्हणजे विमानाचं ठिकाण सतत प्रसारित करणारी, मिळतात. ती पद्धत अमेरिकेपुरतीच. इथे तो डबा म्हणजे नुसतं वजन. आपल्याला १०९० मेगाहर्ट्झचा मोड एस ट्रान्सपाँडर, एक्स्टेंडेड स्क्विटर (ठिकाण प्रसारित करण्याची सोय) असलेला हवा. नोंदणीसोबत मिळणारा २४ बिटांचा पत्ता त्यात भरायचा. जुन्या यंत्रात आधीच्या विमानाचा पत्ता राहिलेला असतो, तो पुसा. ईएलटी ४०६ मेगाहर्ट्झचाच. फक्त १२१.५वाला जुना ईएलटी उपग्रहांनी फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं बंद केलं आहे. नव्याची नोंदणी बंगळूरला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरकडे करायची. तिथे तुमचा फोन नंबर बदलला की तोही कळवायचा.

जमिनीवर, मग हवेत

बसवून झालं की विमानाचं वजन पुन्हा करा. पॅनेलमध्ये चार किलो आणि शेपटीत अँटेना-केबल आली की गुरुत्वमध्य सरकतो. मग होकायंत्र सगळी साधनं चालू ठेवून ३०-३० अंशांवर फिरवून तपासा आणि त्याच्या चुकीचं नवं कार्ड लिहा. कामावर बी२ प्रकारच्या, म्हणजे अॅव्हियॉनिक्सच्या परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) नजर सुरुवातीपासून असू द्या. सगळं झाकून झाल्यावर त्याला बोलावलं तर तो सगळं उघडायला लावेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

हवेतली चाचणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या स्वच्छ हवेत, शेजारी दुसरा वैमानिक घेऊन. जमिनीवरच्या ओळखीच्या खुणेवर, समजा हिडकल धरणाच्या भिंतीवर, व्हीओआरची सुई आणि नकाशावर मोजलेली दिशा जुळवा. हवेत सहा अंशांपर्यंतचा फरक चालतो. दोन रिसीव्हर असतील तर त्यांच्यात चार अंशांपेक्षा जास्त नको. त्यानंतर मुख्य बसचा स्विच बंद करा आणि अत्यावश्यक बसवर खरंच काय काय जिवंत राहतं ते बघा. कागदावर जे राहायला हवं होतं आणि हवेत जे राहिलं, ते समोरासमोर लिहा. छापलेल्या अप्रोच एटीसीच्या परवानगीने, बाहेर सगळं दिसत असताना उडा: आधी आयएलएस, मग उपग्रहाची, प्रत्येक वेळी सुई मध्यावर असताना धावपट्टी खरंच समोर येते का बघत. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून सराव करायचा तो यानंतर, आणि शेजारच्या वैमानिकाने बाहेर बघत राहायचं. सगळे आकडे तारखेसह लॉगबुकात चढवा, अटी बदलण्याच्या अर्जासोबत तीच पानं जोडायची असतात.